लाल ओढा, रात्रीचा धूर, माळावरच्या गोण्या: आधी कारखान्याचं संमतीपत्र हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावाच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत आहे. आठवड्यातून दोन-तीनदा ओढ्याला लालसर, फेसाळ पाणी येतं. रात्री उशिरा डोळे चुरचुरतात, घसा धरतो. गायरानाच्या कडेला कुणीतरी चिखलासारखं काहीतरी भरलेल्या गोण्या टाकून गेलंय. ओढ्याकाठच्या दोन विहिरींचं पाणी पिवळट झालंय. ग्रामपंचायत म्हणते एमआयडीसीला विचारा, एमआयडीसी म्हणते प्रदूषण मंडळाकडे जा, पोलीस म्हणतात हा आमचा विषय नाही. यावर नेमका कोणता कायदा लागतो आणि कुठल्या कलमाखाली तक्रार करायची, असं तुम्ही विचारलंय.

कलमं पुढे देतोच, पण तक्रारीची सुरुवात कलमापासून करू नका. ज्या कारखान्यावर तुमचा संशय आहे त्याचं संमतीपत्र, म्हणजे प्रदूषण मंडळाने त्याला अटी घालून दिलेली परवानगी, आधी मिळवा. आमच्या कामात त्याला सगळे 'कन्सेंट' म्हणतात. मी बरीच वर्षं कारखान्यांचे कन्सेंटचे अर्ज तयार केले, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं म्हणजे ईटीपी चालवले, आणि नंतर गावांच्या बाजूनेही तक्रारी लिहून दिल्या. दोन्हीकडून एकच अनुभव आला. नुसती कलमं लिहिलेल्या तक्रारीला पत्राने उत्तर येतं. 'कन्सेंटमधल्या अमुक अटीचा भंग होतोय' असं लिहिलेल्या तक्रारीसाठी अधिकाऱ्याला जागेवर यावं लागतं.

याचं कारण कायद्यांच्या रचनेतच आहे. पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, आणि घातक कचऱ्याचे सध्याचे नियम २०१६ चे. तिन्हींत सर्वसाधारण बंदी आहे, पण अमुक एका कारखान्याने किती पाणी सोडायचं, कुठे सोडायचं, चिमणी किती उंच हवी, वर्षाला किती गाळ निघेल आणि तो कुठे जाईल, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते त्या कारखान्याच्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात पाणी आणि हवेची संमती आणि घातक कचऱ्याचं प्राधिकारपत्र एकाच कागदावर एकत्र दिलं जातं. म्हणजे तुमच्या तिन्ही तक्रारींचं उत्तर एकाच कागदात आहे.

कायद्यांची पार्श्वभूमी दोन मिनिटांत सांगतो, कारण कार्यालयात 'हे आमच्याकडे येत नाही' असं ऐकावं लागलं तर ती उपयोगी पडते. पाणी हा घटनेनुसार राज्यांचा विषय. त्यामुळे संसदेने १९७४ चा कायदा राज्यांच्या ठरावांवरून केला आणि बाकीच्या राज्यांनी तो नंतर स्वीकारला. महाराष्ट्राने त्याआधीच, १९६९ मध्ये, जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला होता आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी आपलं मंडळ स्थापन झालं. केंद्राचा कायदा इथे १ जून १९८१ पासून लागू आहे. १९७२ च्या स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेनंतर हवेचा कायदा आला. सुरुवातीला राज्यातले ठरावीक भागच हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र होते, पण ६ नोव्हेंबर १९९६ पासून सगळा महाराष्ट्र त्यात आहे. तेव्हा तुमचं गाव शहरापासून लांब आहे, ही सबब चालत नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. घातक कचऱ्याचे नियम त्याच्याच पोटातले: आधी १९८९ चे, मग २००८ चे, आता २०१६ चे.

आता मुख्य गोष्ट. पाणी, हवा आणि कचरा हे तीन वेगळे विषय आहेत असं समजून तुम्ही तीन तक्रारी लिहायला निघाला आहात. कारखान्यात ते वेगळे नसतात. सांडपाण्यात चुना आणि फेरस किंवा तुरटी टाकली की घाण खाली बसते, पाणी वर साफ होतं आणि तळाला गाळ राहतो. तो गाळ म्हणजे घातक कचरा. रिअ‍ॅक्टरमधून निघणारा आम्लाचा वायू स्क्रबरमध्ये कॉस्टिकच्या पाण्याने धुतला की हवा साफ होते, पण ते पाणी ईटीपीत जातं आणि त्याचा पुन्हा गाळ होतो. घाण नाहीशी होत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. म्हणून ओढ्यातलं लाल पाणी आणि गायरानातल्या गोण्या हे बहुधा एकाच गोष्टीचे दोन पुरावे असतात: कुणीतरी प्रक्रिया अर्धवट करतंय आणि जी करतंय तिचा गाळही पैसे वाचवायला माळावर फेकतंय.

संमतीपत्र मिळवायचे तीन रस्ते आहेत. मंडळाच्या संकेतस्थळावर कारखान्याच्या नावाने शोधून बघा, बरीच संमतीपत्रं तिथे असतात. नाही सापडलं तर मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. तिसरा रस्ता फारसा कुणी वापरत नाही, तो जरूर वापरा. पाण्याच्या कायद्याच्या कलम २५ मध्ये, पोटकलम ६ खाली, मंडळाने दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची आहे, आणि त्या सांडपाण्याचा ज्याला त्रास होतो अशा कुणालाही ती कार्यालयीन वेळेत पाहायचा हक्क आहे. कार्यालयात गेल्यावर या पोटकलमाचा उल्लेख करून लेखी मागणी द्या आणि पोच घ्या.

कागद हातात आला की घाईने वाचू नका. पहिल्या पानावर मुदत बघा. संपलेली मुदत हा स्वतंत्र मुद्दा आहे. मग उत्पादनांची यादी आणि महिन्याचं मंजूर प्रमाण. यादीत नसलेलं उत्पादन निघत असेल किंवा मंजुरीपेक्षा जास्त निघत असेल तर पाणी, धूर आणि कचरा तिन्हींचे आकडे आपोआप खोटे पडतात. त्यापुढे सांडपाण्याचा तक्ता: रोज किती घनमीटर, त्यावर कोणती प्रक्रिया, आणि शेवटी ते कुठे जाणार. हा शेवटचा रकाना तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा. तिथे 'सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र' म्हणजे सीईटीपी लिहिलं असेल किंवा 'शंभर टक्के पुनर्वापर, शून्य विसर्ग' लिहिलं असेल, तर त्या कारखान्याचं एक थेंबही पाणी ओढ्यात येता कामा नये. मग त्यात सीओडी (पाण्यातल्या एकूण रासायनिक घाणीचं माप) २५० च्या आत आहे की बाहेर, हा वादच उरत नाही. नळी ओढ्याला लागली हाच भंग. नाल्यात सोडायची परवानगी असेल तर मात्र मर्यादा बघाव्या लागतात. जमिनीवरच्या जलप्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा सामू (पीएच) ५.५ ते ९, बीओडी (जिवाणूंनी कुजणाऱ्या घाणीचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तेल-ग्रीस १० अशी आहे. संमतीपत्रात यापेक्षा कडक आकडा असेल तर तोच लागू.

पुढच्या तक्त्यात चिमण्या: प्रत्येकीची उंची, बॉयलरला कोणतं इंधन, किती, आणि कोणती नियंत्रण यंत्रणा. शेवटी घातक कचऱ्याचा तक्ता: प्रकार, क्रमांक, वर्षाचं प्रमाण, विल्हेवाट. ईटीपीच्या गाळाचा क्रमांक बहुतेक ठिकाणी ३५.३ असतो, आणि विल्हेवाटीच्या रकान्यात सामायिक घातक कचरा केंद्राचं नाव. आपल्याकडे अशी केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत.

हे वाचून झालं की दुसरा माहिती अधिकाराचा अर्ज करा, आणि त्यात मोजके कागद मागा. घातक कचऱ्याचा वार्षिक अहवाल, नमुना (फॉर्म) ४, जो कारखान्याने दरवर्षी ३० जूनपर्यंत मंडळाला द्यायचा असतो. पर्यावरण विवरणपत्र, नमुना ५, जे ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं आणि ज्यात वर्षभराचा पाणीवापर आणि कच्चा माल असतो. कचरा नेणाऱ्या गाड्यांची मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारी पावती, नमुना १०. आणि गेल्या दोन वर्षांत मंडळाने घेतलेल्या नमुन्यांचे प्रयोगशाळा अहवाल, कार्यालयात त्यांना 'जेव्हीएस' म्हणतात.

या कागदांत काय बघायचं? पाण्याचा आकडा आणि गाळाचा आकडा शेजारी शेजारी मांडा. रोज शंभर घनमीटर रंगाचं पाणी रसायन टाकून साफ करतो म्हणणाऱ्याने वर्षाला दोन-चार टनच गाळ पाठवला असेल, तर दोनच शक्यता: ईटीपी चालत नाही, किंवा गाळ दुसरीकडे जातो. नेमका गाळ किती निघायला हवा हे रसायनांच्या मात्रेवर ठरतं, पण फरक दहापट असेल तर तो समजायला तज्ज्ञ लागत नाही. इतर कुठल्याही पुराव्यापेक्षा मी या तुलनेवर जास्त भरवसा ठेवतो. ओढ्याचं पाणी उद्या वाहून जाईल, कारखान्याने स्वतःच्या सहीने दिलेला आकडा राहतो.

आता गोण्या. त्यांना हात लावू नका, उघडू नका, पेटवू तर मुळीच नका. जनावरं तिकडे जाणार नाहीत एवढं बघा. लांबून फोटो काढा. गोणीवरची छपाई, आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचा रंग, बॅच क्रमांक, पिंपावरचं लेबल जे दिसेल ते लांबूनच टिपा. जागेचा गट नंबर लिहा. घातक कचरा कारखान्याच्या आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि तो बाहेर काढताना सात प्रतींचं मॅनिफेस्ट लागतं. प्रत्येक प्रत वेगळ्या रंगाची. पांढरी मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी स्वीकारणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे, हिरवी स्वीकारणाऱ्याकडून मंडळाला, निळी स्वीकारणाऱ्याकडून परत पाठवणाऱ्याला, आणि कचरा दुसऱ्या राज्यात गेला तर राखाडी, मूळ राज्याच्या मंडळाला. ही रचना एवढ्यासाठीच की मधे गाडी रिकामी झाली तर निळी प्रत परत येत नाही आणि गोष्ट उघडी पडते. निळ्या प्रती मागा. ज्या तारखांची पिवळी आहे आणि निळी नाही, तिथे बोट ठेवा.

टँकरचंही असंच. उल्हासनगरला २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि आसपासच्या वस्तीतली कितीतरी माणसं श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात गेली. रात्री ओढ्यावरच्या पुलापाशी टँकर उभा दिसला तर जवळ जाऊ नका, नंबर आणि वेळ लिहा आणि ११२ ला फोन करा. कॉलची नोंद राहते.

याच ओघात एक विनंती. भंगारवाल्याकडून आलेली निळी प्लास्टिकची पिंपं पाणी साठवायला वापरू नका. एमआयडीसीच्या आसपासच्या घराघरांत ती दिसतात, लग्नकार्यात तर त्यांत प्यायचं पाणी भरतात. रसायनाची रिकामी पिंपं हा नियमांनुसार घातक कचरा आहे, क्रमांक ३३.१. धुऊन वास गेला तरी प्लास्टिकने शोषलेलं रसायन जात नाही.

पाण्याचा नमुना गावाने घ्यावा का, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण पुढे विचाराल. घ्यावा, त्याचं वजन किती ते ओळखून. खटल्यात चालणारा नमुना कसा घ्यायचा हे पाण्याच्या कायद्याच्या कलम २१ मध्ये बांधून दिलंय: कारखानदाराला जागेवर नोटीस, त्याच्या समक्ष नमुना, दोन भाग, दोन्हींना सील आणि सह्या, आणि मग मान्य प्रयोगशाळा. यातली एक पायरी चुकली तरी खटल्यात तो अहवाल कोसळतो. तुमच्या बाटलीला हे बळ नाही. तिचा उपयोग वेगळा: मंडळाला धावपळ करायला लावणं आणि हरित न्यायाधिकरणासमोर (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठासमोर) सकृद्दर्शनी चित्र उभं करणं. पर्यावरण कायद्याखाली मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठा, बाटल्या तिच्याकडूनच आणा, कारण धातूंच्या तपासणीच्या बाटलीत आधीच आम्ल घातलेलं असतं. तीन जागा घ्या: वसाहतीच्या वर, वसाहतीचा नाला मिळतो तिथे, आणि खाली गावापाशी. वरच्या जागेचा नमुना लोक हमखास विसरतात, आणि तो नसेल तर 'पाणी वरूनच खराब येतं' असं सांगायला कारखाना मोकळा. सामू जागेवरच कागदी पट्टीने बघा, बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. एक गोष्ट ध्यानात असू द्या: मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात साठवलेलं पाणी सोडून द्यायची खोड जुनी आहे. पुरात मिसळलं की आकडे मर्यादेत येतात. तुमचा नमुना एप्रिल-मेमधला असेल तर त्याला तोड नाही.

विहिरीबाबत मात्र सावध निष्कर्ष काढा. पिवळेपणा लोहामुळेही येतो, क्षार खडकातूनही येतात, नायट्रेट बहुतेकदा खतांतून आणि गोठ्यांतून उतरतं. म्हणून ओढ्यापासून लांबची, चढावरची एक विहीरही सोबत तपासा. एकूण क्षार, क्लोराइड, सल्फेट, सीओडी, रंग, आणि वसाहतीत प्लेटिंगचे कारखाने असतील तर क्रोमियम. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. सार्वजनिक विहीर असेल तर ग्रामपंचायतीने पत्र देऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. अहवाल येईपर्यंत त्या दोन्ही विहिरींचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नाही. उकळल्याने जंतू मरतात. धातू आणि क्षार उलट आटून दाट होतात.

हवेची बाजू सगळ्यात अवघड. धुराचं मोजमाप चिमणीत होतं, गावात नाही. आणि नुसत्या वासाला असा आकडा नाही की तो ओलांडला म्हणून बोट ठेवता येईल. डोळे चुरचुरणं, घसा धरणं हे आम्लाच्या वाफेचं, अमोनियाचं किंवा सॉल्व्हंटचं असू शकतं. रात्रीच का, तर एक कारण वाऱ्याचं: रात्री हवा थंड होऊन खाली बसते आणि धूर वर जात नाही. दुसरं कारण पैशाचं: स्क्रबरचा पंप बंद ठेवला की वीज आणि कॉस्टिक दोन्ही वाचतं. यातलं कोणतं, हे कळायला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि कसला वास (सडक्या अंड्यासारखा, झोंबरा, गोडसर) अशी साधी वही ठेवा. केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चोवीस तास मोजणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. तुमचा कारखाना औषधं, रंग, कीटकनाशकं, डिस्टिलरी, साखर यांपैकी असेल तर तो त्या यादीत येतो. तुमच्या वहीतल्या रात्रींची आकडेवारी माहिती अधिकारात मागा. त्या रात्री यंत्रणा 'देखभालीसाठी बंद' असेल तर तीही माहितीच.

आता तक्रार. उपप्रादेशिक अधिकाऱ्याच्या नावे एकच अर्ज, प्रत प्रादेशिक अधिकारी आणि केंद्रीय मंडळाच्या पुण्यातल्या विभागीय कार्यालयाला. त्यात अटीचा क्रमांक, भंगाच्या तारखा, फोटो, आणि कलमं: पाण्यासाठी २४ आणि २५, हवेसाठी २१ आणि २२, कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांतले ६, ८, १९ आणि नुकसानीच्या जबाबदारीसाठी २३. मागणी स्पष्ट लिहा: नोटीस देऊन पाण्याच्या कायद्याच्या कलम २१ खालचा नमुना घ्यावा, गोण्यांचा पंचनामा करून त्या सुरक्षित केंद्रात हलवाव्यात, आणि पाहणीच्या वेळी दोन ग्रामस्थांना हजर राहू द्यावं. ग्रामसभेचा ठराव जोडा.

पोलीस आणि तहसीलदार यांना सोडू नका. सार्वजनिक झऱ्याचं किंवा जलाशयाचं पाणी खराब करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ खाली गुन्हा आहे, विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा कलम २८६ खाली. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश प्रांत किंवा तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून काढू शकतात. हेच जुन्या फौजदारी संहितेतलं १३३. गोण्यांसारख्या तातडीच्या गोष्टीत हा रस्ता मंडळापेक्षा लवकर पोचतो.

मंडळाच्या हातातलं खरं हत्यार पाण्याच्या कायद्यातलं कलम ३३अ, हवेच्या कायद्यात ३१अ. त्याखाली कारखाना बंद करायचा, वीज आणि पाणी तोडायचा आदेश थेट महावितरण आणि एमआयडीसीला जातो. कारखानदार खटल्याला घाबरत नाही, या आदेशाला घाबरतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय. शिक्षेची बाजू अलीकडे बदललीय. पर्यावरण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आला. पाण्याच्या कायद्यातही २०२४ मध्ये तसाच बदल झाला, तो आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी, आणि बाकीच्या राज्यांत विधिमंडळाच्या ठरावानंतर. संमतीशिवाय कारखाना चालवण्याला मात्र त्यातही कैदेची शिक्षा कायम ठेवलीय. कैद आधीही क्वचितच कुणाला झाली, पण मोठ्या कंपनीला पंधरा लाख म्हणजे खर्चाची एक ओळ आहे. हा बदल मला चुकीचा वाटतो.

म्हणून भरपाईकडे जास्त लक्ष द्या. केंद्रीय मंडळाचं सूत्र असं: प्रदूषणाच्या प्रमाणानुसार ठरवलेल्या कारखान्याच्या प्रवर्गाचा अंक (लाल ८०, नारिंगी ५०, हिरवा ३०), गुणिले भंगाचे दिवस, गुणिले साधारण २५० रुपये, गुणिले आकाराचा गुणक (लहान ०.५, मध्यम १, मोठा १.५), गुणिले वस्तीचा गुणक, जो दहा लाखांच्या आतल्या वस्तीला १ आहे. लाल प्रवर्गातला मध्यम कारखाना ६० दिवस भंग करत असेल तर १२ लाख रुपये. यात दिवसांचा आकडा कुठून येतो? मंडळाला भंग आढळल्याच्या किंवा आदेश पाळायची मुदत संपल्याच्या दिवसापासून, कारखाना सुधारल्याची मंडळाने खात्री केल्याच्या दिवसापर्यंत. तोंडी तक्रार केलीत आणि पाहणीच झाली नाही, तर मोजणी सुरूच होत नाही. मंडळांना अशी भरपाई वसूल करायचा अधिकार ३३अ आणि ३१अ मध्येच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात ४ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं; त्यासाठी आधी नियमावली करायची अट घातली.

मंडळ हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, वकील सक्तीचा नाही, भरपाई मागितली नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये. इथे मुदत जपा. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, वर फार तर ६० दिवसांची सूट. नुकसानभरपाईचा कलम १५ खालचा अर्ज पाच वर्षांत. कार्यालयांच्या फेऱ्या मारण्यात पहिली मुदत निघून गेलेली कितीतरी गावं मला माहीत आहेत. तुमचा त्रास केव्हा सुरू झाला ते आजच लिहून काढा. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला या मच्छीमार समाजाची संघटना याच न्यायाधिकरणात गेली आणि तिथल्या कारखान्यांवर आणि सामायिक केंद्रावर भरपाई बसली. मच्छीमारांनी सोसलेल्या नुकसानीची दखल घेतली गेली ती त्यांनी चिकाटीने कागद जमवले म्हणून.

विहिरींच्या बाबतीत बिछडीचं प्रकरण वकिलाला सांगा. उदयपूरजवळच्या या गावात एच-आम्ल (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांचा सुमारे अडीच हजार टन गाळ आणि आम्लयुक्त पाणी उघड्यावर राहिलं, भूजल तांबडं-काळं झालं, विहिरी निकामी झाल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रदूषण करणाऱ्याने शुद्धीकरणाचा सगळा खर्च द्यायचा, हे तत्त्व लावलं. पुढे कारखानदारांनी वर्षानुवर्षं अर्ज करत पैसे टाळले, आणि २०११ मध्ये न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितलं. कायदा गावाच्या बाजूने होता, तरी एवढा काळ गेला. म्हणून विहिरीचे अहवाल आजपासून दर तीन महिन्यांनी जमवा.

शेवटी मागणीबद्दल. तुमच्या पत्रात 'कारखाना कायमचा बंद करा' असं आहे. गावातली पोरं तिथे कामाला जातात हेही तुम्हीच लिहिलंय. माझा सल्ला, अर्जात संमतीपत्राच्या अटी पाळेपर्यंत उत्पादन थांबवा, असं मागा. त्यासाठी २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय हाताशी आहे: चालू स्थितीतला ईटीपी नसेल तर कारखाना चालू देऊ नये. अशी मागणी मान्य करणं अधिकाऱ्याला सोपं जातं, न्यायाधिकरणालाही. आणि कारखाना छोटा असेल तर सीईटीपीची जोडणी आहे की नाही हे आधी बघा. जोडणीच नसेल किंवा केंद्राची वाहिनी फुटलेली असेल तर तुमचा प्रतिवादी कारखान्याइतकाच ते केंद्र चालवणाराही आहे, आणि अर्जात दोघांचीही नावं यायला हवीत.

संमतीपत्र मिळालं की सांडपाण्याचा आणि घातक कचऱ्याचा तक्ता असलेली पानं मला पाठवा. कोणत्या अटीवर जोर द्यायचा ते बघून सांगतो.